कॅमेऱ्याची साइड बॅग : कोल्हापूरकरांनो, आपापला अनुभव लिहा

नमस्कार मंडळी. पावसाळा तोंडावर आलाय आणि सध्या जो भेटेल तो एकच विचारतोय, कॅमेऱ्यासाठी साइड बॅग कुठली घेऊ. ब्रँडचं नाव सांगून विषय संपत नाही हो. कोण काय काम करतो, गाडीवरनं जातो का चालत, पावसात जातो का हॉलमध्ये, यावर सगळं ठरतं. म्हणून हा धागा. लिहिताना एवढं नक्की सांगा की बॅगेत काय काय घालता, भरल्यावर वजन किती होतं आणि ती खांद्यावर किती वेळ असते. भाव नाही सांगितला तरी चालेल.

सुरुवात मी करतो. माझं काम सकाळचं, पंचगंगा घाट, रंकाळा, नाहीतर शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या गल्ल्या. एक बॉडी म्हणजे नुसता कॅमेरा, त्याला ३५ मिमीची प्राइम (झूम न होणारी) लेन्स लावलेली, खिशात ८५ ची. माझं स्पष्ट मत आहे की साइड बॅग लहानच घ्यावी. मोठी घेतली की माणूस ती भरतोच, जागा रिकामी बघवत नाही, आणि मग दोन तासांनी खांदा बोलायला लागतो आणि फोटो बाजूला राहून कधी एकदा बसतोय असं होतं. घ्यायला जाताना आपलं सामान सोबत न्या, दुकानातच भरा, पट्टा तिरका घालून दुकानाबाहेर चांगलं पंधरा मिनिटं फिरून या. कुठला दुकानदार नाही म्हणत नाही. ऑनलाइन घेत असाल तर बाहेरचं माप बघू नका, आतलं बघा, कारण फोमच दोन्हीकडनं दोन-तीन सेंटिमीटर खातो. आणि कॅमेरा लेन्स लावलेल्या अवस्थेत, हूड (लेन्सच्या तोंडावरची उन्हाची कड) उलटा करून आत गेला पाहिजे. बॉडी वेगळी, लेन्स वेगळी असं ठेवायला लागलं तर तोपर्यंत समोरचा म्हातारा बिडी विझवून निघून गेलेला असतो.

चला, लिहा.

लग्नाची कामं, राजारामपुरी

दादा, लहान बॅग तुमच्या कामाला ठीक आहे, आमचं तसं चालत नाही. माझ्याकडं सोनीच्या दोन ए सेव्हन थ्री बॉड्या, प्रत्येकी ६५० ग्रॅम. २४-७० जीएम (सोनीची झूम लेन्स) ८८६ ग्रॅम. ७०-२०० जीएम जवळजवळ दीड किलो. वर दोन फ्लॅश, ते लांबनं उडवायचा ट्रिगर, सेल, चार्जर, कार्डं. बॅगेचं स्वतःचं वजन धरून साडेसहा-सात किलोला जातंय आणि बॅगेचं वजन लोक बघतच नाहीत, बॅग रिकामी असतानाच दीड-दोन किलोची असते काही काही. म्हणून मी आता दोन बॅगा करतो. मोठी गाडीतनं हॉलपर्यंत येते आणि स्टेजमागं घरच्या एखाद्या माणसाजवळ राहते, अंगावर मात्र छोटी, त्यात फक्त एक लेन्स, एक फ्लॅश आणि सेल.

आता खरी गोष्ट सांगतो जी कुठल्या व्हिडिओत कोण सांगत नाही. छोट्या बॅगेत एक कप्पा रिकामा ठेवायचा. कायम रिकामा. मंगलाष्टकं संपत आलीत, अंतरपाट आता निघणार, तुम्हाला ७०-२०० काढून २४-७० लावायचीय, तर काढलेली लेन्स ठेवायची कुठं? रिकामा कप्पा असला की डाव्या हातानं ती आत सोडायची, उजव्या हातानं दुसरी काढायची, बघायला लागतच नाही. सगळे कप्पे भरलेले असले की तीन हात लागतात. मी पोरांना कामावर घेतो तेव्हा पहिल्या दिवशी हेच शिकवतो, बॅग डोळं झाकून हाताळता आली पाहिजे, कुठं काय आहे ते बोटांना पाठ पाहिजे.

दुसरं म्हणजे झाकण अंगाकडं उघडणारं नको. अंगापासनं बाहेरच्या बाजूला उघडणारं घ्या, वाकलं तरी हात सरळ आत जातो आणि गर्दीत मागचा माणूस आत डोकावू शकत नाही. आणि चेन पाहिजेच. नुसत्या झाकणाच्या बॅगेत अक्षता शिरतात भावांनो. वाचायला बारकी गोष्ट वाटंल पण कुंकू लावलेले तांदूळ पार्टिशनच्या खालच्या फटीत जाऊन बसतात, आणि त्यातला एखादा दाणा मागच्या टोपणात अडकून लेन्सच्या काचेवर घासला की मग कुणाला सांगायचं. मी प्रत्येक लग्नानंतर पार्टिशन सगळी काढून बॅग उलटी करून झाडतो. मे महिन्यात तर मूठभर निघतात.

वर्तमानपत्राचा जुना फोटोग्राफर, शाहूपुरी

वरच्या मुलाने फार नेमकं लिहिलंय. रिकाम्या कप्प्याची गोष्ट आम्हाला आमच्या सीनियरांनी फिल्मच्या काळात सांगितली होती, तेव्हा त्यात रोल टाकायचो.

बातमीच्या कामाला मऊ कॅनव्हासची बॅग मला आजही बरी वाटते. डोमके नावाची बॅग ऐकली असेल, ती फिलाडेल्फियाच्या एका वर्तमानपत्रातल्या जिम डोमके या फोटोग्राफरनेच सत्तरच्या दशकात स्वतःच्या कामासाठी बनवली. तिला जाड फोमच्या भिंती नाहीत, त्यामुळे ती अंगाला चिकटून बसते, गर्दीत कुणाला टोचत नाही. फोमची चौकोनी पेटी घेऊन दसरा चौकातल्या सीमोल्लंघनाच्या गर्दीत घुसून बघा म्हणजे कळेल. पण मऊ बॅग खाली आपटली की सामानाला लागतं, हे धरूनच ती वापरायची.

पाण्याबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण २०१९ आणि २०२१ चे दोन्ही महापूर मी रस्त्यावर राहून केले. राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३, ते ओलांडल्यावर आमची झोप संपते. बॅगेबरोबर जे रेनकव्हर येतं ते वरनं पडणाऱ्या पावसापुरतं. पट्टा जिथनं बाहेर येतो तिथं भोक असतं आणि अंगाच्या बाजूने कव्हर उघडंच असतं, तुमच्या रेनकोटवरनं ओघळलेलं पाणी बरोबर तिथनं आत जातं. बोटीत बसलात तर पाणी खालनं येतं, तिथं कव्हर उलट पाणी साठवून ठेवतं. माझा उपाय म्हणजे तोंड गुंडाळून बक्कल लावायची जी रबरी ड्राय बॅग मिळते ती साइड बॅगेच्या आत. बाहेरची भिजू दे की, काही बिघडत नाही.

आणि घरी आल्यावर बॅग पूर्ण रिकामी करून पंख्याखाली उघडी ठेवायची. फोम वरनं कोरडा लागतो, आत ओल तशीच असते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेतच इतका दमटपणा की बॅगेत ठेवलेल्या लेन्सला बुरशी धरायला वेळ लागत नाही. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसायला लागल्या की समजायचं. हे चार महिने बॅग फक्त नेण्या-आणण्यासाठी. लेन्स राहणार हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत, आणि निळी जेल गुलाबी झाली की ती गरम करून परत निळी करायची.

जोतिबा, पन्हाळा, जत्रा-यात्रा

काका पाण्याचं बोलले, मी गुलालाचं बोलतो. चैत्र यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचायला लागल्या की हवा गुलाबी होते, हे आपल्या माणसाला सांगायला नको. नाद खुळा फोटो मिळतात पण गुलाल म्हणजे पिठाहून बारीक, तो चेनच्या दातांत बसतो आणि संध्याकाळी चेन ओढली की करकर करत अडकते. पाणी अजिबात लावायचं नाही, रंग कायमचा बसतो आणि चिखल होतो तो वेगळाच. कोरडा रंगाचा ब्रश, मग ब्लोअर, मग घरातला व्हॅक्युम असंल तर तो, आणि शेवटी मेणबत्ती चेनवरनं फिरवायची.

तिथं लेन्स बदलायचीच नाही. एक बॉडी, एक झूम, बाहेरनंच कव्हर करून न्यायची. त्यामुळं माझ्या यात्रेच्या बॅगेत कॅमेरा नसतोच, तो गळ्यात असतो. बॅगेत पाणी, सेल, कार्डं, सुती फडकी दोन-तीन आणि प्लास्टिक पिशव्या. बॅग कसली पाहिजे? काळी नको, आत फिक्या रंगाचं अस्तर पाहिजे म्हणजे काय शिरलंय ते दिसतं, आणि पार्टिशन वेलक्रोची, सगळी सुटी होणारी. शिवलेली पार्टिशन असली की कोपऱ्यातला गुलाल पुढच्या वर्षापर्यंत निघत राहतो.

नाटकाचे फोटो

वेलक्रोवर दोन शब्द. आपलं केशवराव भोसले नाट्यगृह २०२४ च्या आगीच्या आधी तिथं मी बरीच नाटकं, राज्य नाट्य स्पर्धेचे प्रयोग केलेत. नट स्टेजवर शांतता धरून उभाय आणि आपण बॅगेचं झाकण फर्रर्र करून उघडलं तर पुढच्या चार रांगा वळून बघतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. काही बॅगांना वेलक्रो झाकून टाकायची पट्टी असते, थिंक टँक कंपनीच्या रेट्रोस्पेक्टिव्ह बॅगेत आहे, फार सोयीची गोष्ट. नसेल तर जाड कापडाचा तुकडा वेलक्रोवर चिकटवून टाका. चुंबकाच्या बटणाची बॅगही चांगली.

पक्षी बघणारी, कळंबा तलाव ते राधानगरी

मला इथं थोडं विरुद्ध लिहायचंय. पक्ष्यांसाठी साइड बॅग घेऊच नका. माझी निकॉनची २००-५०० झूम लेन्स एकटीच २.३ किलोची आहे आणि लांबी जवळजवळ २७ सेंटिमीटर, त्यात बॉडी लावली की ती आडवी कुठल्याच साइड बॅगेत नीट बसत नाही, उभी बसवली तर बॅग एका बाजूला कलते आणि चालताना मांडीवर आपटत राहते. राधानगरीच्या जंगलात चढ-उतार आहे, पाय घसरला तर तोल सावरायला दोन्ही हात आणि सरळ खांदे लागतात. तिथं पाठीवरची सॅक, छातीवरच्या पट्ट्यासकट.

पण कळंब्याला सकाळी तासभर जाते तेव्हा लहान स्लिंग (एका पट्ट्याची तिरकी छोटी बॅग) घेते, दुर्बीण, वही, पाण्याची बाटली आणि फोन. लेन्स हातातच असते.

बायकांसाठी एक वेगळा मुद्दा. पट्टा छातीवरनं तिरका जातो तिथं रुंद आणि जाड पॅड फार टोचतं, आणि ते पॅड सरकवता येत नसेल तर नेमकं चुकीच्या जागी येतं. माझी उंची कमी आहे, बऱ्याच बॅगांचा पट्टा सगळ्यात आखूड केला तरी बॅग गुडघ्याकडं लोंबते. ताई-मावशींनो, पट्टा किती लांब होतो ते सगळे लिहितात, किती आखूड होतो ते विचारून घ्या. आणि महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रीचा एकटीचा प्रवास असेल तर बाहेर कॅमेरा कंपनीचं मोठं नाव नसलेली बॅगच बरी, डोक्याखाली घेऊन झोपता येते.

फिजिओथेरपिस्ट आहे, फोटो हौस म्हणून

थोडक्यात लिहिते. एकाच खांद्यावर सरळ लटकवलेली बॅग घसरू नये म्हणून आपण नकळत तो खांदा वर उचलून धरतो, मानेचे स्नायू तिथं आखडतात. पट्टा तिरकाच घाला, बॅग कमरेच्या हाडाच्या वर, अंगाला चिकटून. पट्टा पाच सेंटिमीटरपेक्षा अरुंद नको. अर्ध्या तासाने खांदा बदला. हाताला मुंग्या येत असतील तर बॅग बदलत बसू नका, आधी दाखवून घ्या.

कॉलेज, विद्यापीठाजवळ

मी कॅननच्या साध्या १५००डी वाला आहे, एवढ्या महागड्या बॅगा परवडत नाहीत. मी कॉलेजचीच साधी मेसेंजर बॅग वापरतो, आत इन्सर्ट म्हणजे फोमचा सुटा कप्पा घातलाय. लक्ष्मीपुरीत रेक्झिन-फोम मिळतो, मापं कागदावर काढून सीटकव्हर शिवणाऱ्या काकांकडनं शिवून घेतला. त्यांना फक्त एवढं सांगा की तळाला दुप्पट फोम पाहिजे, कारण बॅग टेकते ती तळावर आणि लेन्सचा माउंट (कॅमेऱ्याला जोडायची कडी) तिथंच मार खातो. गाडीवरनं जाताना ॲक्टिव्हाच्या पायाजवळ बॅग ठेवू नका, तिथला हादरा सरळ आत जातो. मी पट्टा आखूड करून पाठीवर घेतो आणि कमरेला एक जादा पट्टी बांधतो, नाहीतर स्पीडब्रेकरला बॅग फिरून पुढं हँडलवर येते.

चामड्याची बॅग

कोल्हापुरात राहून चामड्याचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितोय. आपल्याकडं चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. त्याच पद्धतीच्या चामड्याची बॅग मी एका कारागिरांकडनं बनवून घेतली. दिसायला देखणी, वापरून वापरून अजून चांगली होत जाते. पण खरं सांगायचं तर वजनदार आहे, आणि पावसाळ्यात कपाटात ठेवली की पांढरी बुरशी धरते, म्हणून ती माझी दिवाळी ते मे एवढीच बॅग आहे.

तिच्यापेक्षा जास्त उपयोग झाला तो त्या कारागिरांच्या हाताचा. माझी दुसरी नायलॉनची बॅग घेऊन गेलो होतो तेव्हा त्यांनी ती हातात धरून पहिल्यांदा पट्ट्याचा जोडच ओढून बघितला. म्हणाले, कापड दहा वर्षं टिकंल पण हे प्लॅस्टिकचं हूक आणि ही एकेरी शिलाई आधी जाणार. बॅगेला लागलेला पट्टा नुसता काठावर शिवलेला होता, तो तळाखालनं फिरवून घेतलेला नव्हता. त्यांनी मेणदोऱ्यानं चौकोन आणि मध्ये फुली अशी शिलाई मारून दिली आणि पितळी हूक घातले. तुमच्या बॅगांचा तो जोड आज बघून घ्या. धागा पिसारलेला दिसला तर चप्पल लाइनला कुणालाही दाखवा, अर्ध्या तासाचं काम आहे.

धागाकर्ता

चामडंवाल्या दादांचं वाचून लगेच माझी बॅग उलटी करून बघितली, पट्टा तळाखालनं फिरवलेला आहे. अजून दोन प्रश्न राहिलेत, कुणी वापरलं असेल तर लिहा. एक, ड्रोन आणि कॅमेरा एकाच साइड बॅगेत नेणारं कुणी आहे का, वजन किती होतं? दोन, गगनबावड्याकडं भर पावसात जाणाऱ्यांनी आतली ड्राय बॅग कुठल्या मापाची घेतलीय?