गुळगुळीत वक्र पृष्ठभाग लहान मुलांना कसा समजावून सांगावा?

प्रश्न
नमस्कार. तिसरीतील माझ्या मुलीला ब्लेंडर या त्रिमितीय आकार बनवण्याच्या संगणक-प्रणालीतला गोळा दाखवत होते. तिने तो अगदी जवळ आणला आणि कडेचे कोपरे दिसताच विचारले, "आई, हा गोल नाहीच, मग लांबून गोल कसा दिसतो?" तो 512 सपाट तुकड्यांचा आहे, एवढे मी सांगितले, पण सपाट तुकड्यांतून गुळगुळीतपणा येतो कसा, हे समीकरणांशिवाय कसे सांगावे?

उत्तर 1
पृष्ठभागाकडे वळण्याआधी कागद आणि कात्री हाती द्यावी, असे मला मनापासून वाटते. 16 सेंमी बाजूच्या चौरसावर प्रत्येक कोपऱ्यापासून दोन्हीकडे 4 सेंमीवर खुणा करून कोपरे कापायला सांगा, म्हणजे चाराचे आठ कोपरे होतील. मग प्रत्येक बाजूला तोच नियम लावायचा: दोन्ही टोकांपासून पाव भागावर खुणा करून कोपरे कापायचे. तिरप्या बाजूसाठी तिच्याएवढी कागदाची पट्टी दोनदा दुमडली की पाव भाग मिळतो, मोजपट्टी लागत नाही. बत्तीस कोपरे झाले की कडेवरून बोट फिरवायला सांगा. टोक असे जाणवतच नाही. जॉर्ज चैकिन यांनी ही रीत 1974 मध्ये मांडली.

उत्तर 2
प्रयोग उत्तम आहे, पण यातून वर्तुळ तयार होते असे मुलांना कृपया सांगू नये. त्याच चौरसाच्या मध्यातून 8 सेंमी त्रिज्येचे वर्तुळ काढून पाहा: बाजूंच्या मध्यावर दोन्ही आकार जुळतात, मात्र मूळ कोपऱ्यांच्या दिशेला कापलेला आकार जवळजवळ अर्धा सेंमी बाहेर राहतो. गुळगुळीत असणे वेगळे आणि गोल असणे वेगळे, हा फरक आठ वर्षांच्या मुलांना नीट कळतो.

उत्तर 3
आता पृष्ठभागाविषयी. एडविन कॅटमल आणि जिम क्लार्क यांच्या 1978 च्या रीतीत घनाच्या 6 बाजूंचे 24, मग 96 चौकोनी तुकडे होतात आणि तुकड्यांच्या कोपऱ्यांवरचा प्रत्येक बिंदू आपल्या शेजाऱ्यांकडे थोडा सरकतो. हे सरकणे अंगणात करून दाखवता येते: मुलांना वेड्यावाकड्या ओळीत उभे करा आणि टाळी वाजली की प्रत्येकाने दोन्ही शेजाऱ्यांच्या मधल्या जागेकडे एक पाऊल टाकावे, काही टाळ्यांतच ओळीची वळणे सौम्य होतात. ब्लेंडरमधील सबडिव्हिजन सरफेस ही आकार गुळगुळीत करणारी सोय याच रीतीने चालते.

मुलीच्या निरीक्षणाचे मात्र विशेष कौतुक करावे. ब्लेंडरमध्ये "शेड स्मूथ" हा छायेचा पर्याय निवडल्यावर तुकड्यांच्या सीमेवरची छाया एकमेकींत मिसळते, त्यामुळे गोळ्याचा मधला भाग गुळगुळीत भासतो. पण बिंदू जागचे हललेले नसल्यामुळे बाह्यरेषा कोनदारच राहते, आणि तिची नजर नेमकी तिथेच गेली.