मदत हवी आहे: कोल्हापूर ते कोईमतूर, मागं ट्रेलर. डिझेल कुठं कुठं भरायचं?

उजळाईवाडी
सिंगल सीटर रेस कार ट्रेलरवर घालून कोईमतूरच्या करी मोटर स्पीडवेला न्यायची आहे. ओढायला डिझेल एसयूव्ही, बीएस-6, टाकी 60 लिटर. कार, ट्रेलर, टायरचे जादा सेट, हत्यारं धरून मागचं वजन 1,100 किलोच्या आसपास. ट्रेलर उघडा, चार चाकी, पासिंग झालेला. नुसती गाडी हायवेला 14 चं अ‍ॅव्हरेज देते. ट्रेलर लावल्यावर किती धरायचं? किती अंतरावर थांबायचं? पंपात शिरताना काय बघायचं? आणि कॅनमध्ये जादा डिझेल ठेवू का?

शिरोली नाका
14 विसरा. ट्रेलरला अ‍ॅव्हरेज पाव ते एक तृतीयांश घटतं, म्हणजे साडेनऊ-दहा धरा. पण अंदाजावर जाऊ नका, आधी मोजा. ट्रेलर पूर्ण भरून, कव्हर बांधून कोल्हापुरात टाकी फुल करा, संकेश्वरपर्यंत जाऊन परत या आणि त्याच पंपावर, त्याच नोझलनं पहिल्या कटपर्यंत, म्हणजे नोझल आपोआप बंद होईपर्यंत, भरा. निपाणीपुढचा तवंदी घाट यात येतो, म्हणून आकडा खरा मिळतो. कटनंतर ठोकून ठोकून भरलं की हिशेब बिघडतो.

आता टप्पा. 60 लिटरमधला पाव हिस्सा हिशेबातच धरायचा नाही. उरले 45, साडेनऊनं 427 किमी. समोरचा वारा, चढ, एसी यासाठी त्यातला पाचवा भाग वजा करा, 340 राहतात. तरी टप्पा 300 च्या आसपासच आखा, म्हणजे एखादा पंप बंद निघाला तर पुढचा गाठता येतो. टाकी तळाला नेऊ नका. घाटात डिझेल एका बाजूला सरकतं, गाडीतला डिझेल पंप हवा ओढतो आणि डिझेल इंजिननं एकदा हवा घेतली की नुसतं डिझेल ओतून ते चालू होत नाही. फिल्टरजवळचा हातपंप मारून हवा काढावी लागते. मागं ट्रेलर आणि शेजारून ट्रक जात असताना ते काम नको.

माझ्या मते तीन ठिकाणी भरा. कोल्हापुरात फुल करून निघालात की बेळगाव साधारण 110, हुबळी 205. पहिला थांबा हावेरी ते राणेबेन्नूरच्या मध्ये, म्हणजे 280 ते 310 च्या दरम्यान. त्यापुढं चित्रदुर्गाजवळ डोंगरांवर पवनचक्क्या दिसतील. त्या उगाच उभ्या नाहीत, तिथं वारा आडवा लागतो आणि अ‍ॅव्हरेज आणखी पडतं. दुसरा थांबा सिरा ते तुमकूर, बेंगळुरूची गर्दी लागायच्या आधी. शहराबाहेरून वळसा घालणाऱ्या नाइस रोडनं होसूर रोडला निघा, शहरात ट्रेलर घालू नका. तिसरा धर्मपुरीला. तिथं डिझेल अर्धं असलं तरी थांबा, कारण पुढं सेलमकडं जाताना तोप्पूर घाटाचा उतार आहे. उतारापूर्वी हूक, सेफ्टी चेन आणि ट्रेलरचे ब्रेक बघायला ही जागा बरोबर आहे.

वेग ताशी 65. तोच 80 केला की हवेचा अडसर दीडपट होतो आणि डिझेल तिथंच जातं. कव्हर ढिलं असेल तर फडफडूनही अ‍ॅव्हरेज खातं. घट्ट आवळा.

गोकुळ शिरगाव
पंपाबद्दल. गाडी आणि ट्रेलर मिळून लांबी दहा मीटरच्या घरात जाते. एका तोंडानं आत आणि दुसऱ्या तोंडानं बाहेर असा सरळ पंपच घ्या. जिथं रिव्हर्स मारावा लागेल तिथं शिरूच नका. बरेच पंप सर्व्हिस रोडला असतात, त्यामुळं उतरायचा फाटा पंपाच्या आधीच निघून जातो. नकाशात पंपाबरोबर फाटाही खूण करून ठेवा. परतीची यादी वेगळी करा, कारण जातानाचे पंप येताना डिव्हायडरच्या पलीकडं असतात.

आत गेल्यावर सगळ्यात बाहेरची, ट्रकची लाइन धरा. वळताना ट्रेलरचं आतलं चाक गाडीपेक्षा जास्त कापतं आणि मशिनच्या कठड्याला किंवा लोखंडी खांबाला घासतं. ओढणारी गाडी कठड्याच्या पार पुढं गेल्याशिवाय स्टिअरिंग फिरवू नका. एक गोष्ट पंपवाल्याला आधी विचारा: ट्रकच्या लाइनीतलं जाड, जोरात सोडणारं नोझल असेल तर ते कारच्या तोंडात बसत नाही, आणि बसलं तरी फेस येऊन लवकर कट होतं.

भरून झालं की मशिनपासून बाजूला घेऊन तपासणी. ट्रेलरच्या प्रत्येक हबजवळ, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाजवळ, हात नेऊन बघा. चार कोमट आणि एकच चटका देणारा असेल तर बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक. गरम टायरची हवा कमी करायची नाही. हवेचा दाब सकाळी थंड टायरवरच बघायचा. कार ट्रेलरला आवळून बांधणारे रॅचेट पट्टे पहिल्या 40 किमीनंतर पुन्हा आवळा, कारण कारचं सस्पेन्शन बसतं आणि पट्टे ढिले पडतात.

उजळाईवाडी
गाडीला धूर साफ करणाऱ्या युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी आहे. त्याचं काय? आणि कॅनचं राहिलं.

शिरोली नाका
युरिया डिझेलच्या तीन ते पाच टक्के लागतो. ट्रेलर असला की डिझेलबरोबर तोही वाढतो. जाऊन-येऊन 205 लिटर डिझेल धरलं तर दहा लिटरपर्यंत. निघताना टाकी भरा आणि सीलबंद दहा लिटरचा कॅन सोबत ठेवा. युरिया पूर्ण संपला की गाडी बंद केल्यावर पुन्हा चालू होत नाही. उसाला टाकायचा युरिया पाण्यात विरघळवून कुणी देत असेल तर घेऊ नका, त्यातल्या अशुद्ध घटकांनी धूर साफ करणारा कॅटॅलिस्ट खराब होतो. चुकून युरिया डिझेलच्या टाकीत गेलाच तर चावी फिरवू नका. टाकी उतरवून धुतली की काम भागतं, पण चालू केली तर पंप आणि इंजेक्टर जातात.

डिझेलचा कॅन नको. तीन थांब्यांत गरज पडत नाही, आणि ट्रेलरच्या शेपटीला बांधलात तर मागून ठोकर बसल्यावर तोच पहिला फुटतो. रेस कारची टाकीही रिकामी करूनच चढवा आणि पेट्रोल कोईमतूरला पोचल्यावर घ्या.