मदत हवी आहे: नळीतून गोळी दिली की बाबांचं बीपी धाडकन खाली येतं

सायली: पॅरालिसिसनंतर बाबांना नाकातून नळी आहे. सगळ्या गोळ्या खलबत्त्यात कुटून पाण्यातून देते. सकाळी 8 ला दिल्या की 10 वाजता बीपी 92/58, नाडी 48. रात्री 176/100. चार दिवस हेच. डॉक्टर फोन उचलत नाहीत. डोस जास्त होतोय का? लवकर सांगा.

गोदाकाठ: गोळ्या कोणत्या? पट्टीवर आहे तसं लिहा.

सायली: बीपीचीच हो, मेटोप्रोलॉल 50. आधी हीच गिळायचे, तेव्हा काही झालं नाही.

औषधवाला: नावापुढे एक्सएल, ईआर असं काही?

अण्णा: रात्री वाढलं की निफेडिपिनची कॅप्सूल जिभेखाली फोडा. आमच्या वडिलांचं दहा मिनिटांत उतरायचं.

गोदाकाठ: अण्णा, कृपा करून हे सांगू नका. बीपी असं कोसळलं तर मेंदूला रक्त कमी पडतं, आणि त्यांना आधीच झटका येऊन गेलाय. ती पद्धत केव्हाच सोडली डॉक्टरांनी.

अण्णा: सॉर्बिट्रेट ठेवतातच ना जिभेखाली?

गोदाकाठ: ती छातीत दुखलं तर. इथे काय संबंध?

सायली: भांडू नका ना. एक्सएल आहे.

औषधवाला: मग तेच कारण. ती दिवसभर थोडं थोडं औषध सोडते. कुटली की 24 तासांचं एकदम अंगात, रात्रीपर्यंत जोर ओसरतो. आता कुटून देऊ नका, पण मनाने बंदही करू नका, ही अचानक थांबवणं धोक्याचं. आजच वॉर्डला फोन करून नाडी 48 सांगा. साधी मेटोप्रोलॉल विभागून देता येते, ते डॉक्टर ठरवतील. ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोल आहे?

सायली: आहे. तीही कुटते.

औषधवाला: तिचं आवरण पोटातल्या आम्लापासून बचावासाठी असतं. कुटली की औषध पोटातच निकामी. तीही बदलून मागा.

मीरा: आमच्याकडे फिटची फेनिटॉइन होती. फीडबरोबर दिली की रक्तात पातळीच यायची नाही. तुम्ही फीडला काय देता? आम्ही नाचणीची पेज गाळून द्यायचो.

सायली: फिटची नाही. वॉर्डच्या सिस्टर भेटल्या फोनवर, लगेच घेऊन या म्हणाल्या. नळीत पांढरा चोथा अडकलाय, पाणी जात नाही. काय करू?

औषधवाला: जोर लावू नका, तार तर मुळीच घालू नका. निघताय ना, तिथेच दाखवा. पट्ट्या सगळ्या सोबत न्या.