शिमानामी काइदो : सायकलवरून बेटं आणि बौद्ध मंदिरं, गाईडसह ग्रुप टूर

मृण्मयी_डोंबिवली
नमस्कार मंडळी. आम्ही पाच मैत्रिणी, सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या. दर रविवारी सायकलवर बदलापूरपर्यंत जाऊन येतो, घाटाची सवय नाही. एप्रिलमध्ये जपानला जाऊन शिमानामी काइदोवर, म्हणजे ओनोमिची ते इमाबारी या बेटं जोडणाऱ्या पुलांवरच्या रस्त्याने, सायकल टूर करायची आहे. टूरवाले एका दिवसाचा आणि मुक्कामासह दोन दिवसांचा असे पर्याय देतायत. दुसरा बराच महाग आहे. मंदिरं नीट बघायची आहेत. झेपेल का? शिवाय दोघी शुद्ध शाकाहारी आहेत.

ओसाकाकर
मृण्मयीताई, दोन दिवसांचीच घ्या. पाहुणे आले की मी त्यांना हाच रस्ता दाखवतो, त्यामुळे ठामपणे सांगतोय.

अंतर साधारण 70 किमी. पूल उंचावर आहेत, त्यामुळे प्रत्येक बेटावर थोडं चढावं लागतं, पण सायकलींचे चढरस्ते मुद्दाम 3 टक्क्यांच्या आसपास ठेवलेत. बदलापूर करणाऱ्या बायकांना ते जड नाहीत. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, आणि रस्त्याच्या कडेला निळी रेघ आखलेली आहे, चुकायला होत नाही.

वेळ खातात ती मंदिरं, आणि खायलाच हवा. इकुचिजिमा बेटावरचं कोसान्जी घ्या. ओसाकाच्या एका पोलादी नळ्यांच्या कारखानदाराने आई गेल्यावर दीक्षा घेतली आणि 1936 पासून तिच्या स्मरणार्थ ते बांधायला घेतलं. देशातल्या गाजलेल्या मंदिरवास्तूंच्या धर्तीवर एकेक इमारत उभी केली. खाली भुयार आहे. आधी नरकाची चित्रं, मग अंधुक उजेडात ओळीने दगडी बुद्ध. मागच्या टेकडीवर इटलीचा पांढरा संगमरवर, उन्हात डोळे दिपतात. मी पाहिलेले एकदिवशी ग्रुप इथून अर्ध्या तासात हुसकले जातात. फार वाईट वाटतं.

आणि जवळचं कोजोजी तर त्यांच्या यादीतच नसतं! झेन पंथाचं देऊळ, 1432 चा तीनमजली लाल पॅगोडा, जपानचा राष्ट्रीय ठेवा. मागच्या टेकडीवर चढलात की पॅगोडाचं छप्पर खाली आणि पलीकडे समुद्र दिसतो. त्याच बेटावरच्या सेतोदा गावात मुक्काम केलात तर सकाळी तिथे तुमच्याशिवाय फारसं कुणी नसेल.

दुसऱ्या दिवशी तातारा पूल. त्याच्या मनोऱ्याखाली लाकडी टिपऱ्या ठेवलेल्या असतात. त्या आपटा, आवाज थरथरत वर चढत जातो. शेवटी कुरुशिमाचा जवळपास 4 किमीचा झुलता पूल. वारा असेल तर सावकाश.

टूरवाल्यांना हे नक्की विचारा : सगळ्यात हळू चालवणारीच्या वेगाने ग्रुप जातो का? मागे गाडी असते का? इलेक्ट्रिक सायकल मिळते का?

पालेभाजी
शाकाहाराबद्दल. ‘मांस-मासे नको’ एवढं लिहून भागत नाही. उडोन म्हणजे जाड नूडल्स, त्यांच्या रश्श्यातसुद्धा सुकवलेल्या माशाचं दाशी (उकळून काढलेलं पाणी) असतं. ‘दाशीही नको’ असं जपानीत लिहून घ्या आणि मुक्कामाच्या ठिकाणी आधीच कळवा. ठेपले, मेतकूट, दडपे पोह्यांचं सामान जवळ असू द्या.

वाटेतल्या इन्नोशिमा बेटावर हास्साकु दाइफुकू ही मिठाई मात्र सोडू नका. मऊ तांदळाच्या पारीत गोड पुरण आणि आत हास्साकु या संत्र्यासारख्या फळाची किंचित कडसर फोड. हे फळ मुळात तिथल्याच एका बौद्ध मंदिराच्या आवारात सापडलं, एकोणिसाव्या शतकात.

मृण्मयी_डोंबिवली
ओसाकाकर, पालेभाजी, मनापासून आभार. आत्ताच मैत्रिणींशी बोलले, दोन दिवसांचीच घेतोय. कोजोजी कार्यक्रमात घाला असं टूरवाल्यांना आज लिहिते. एक राहिलं : इमाबारीला पोचल्यावर शिकोकू बेटाच्या प्रसिद्ध यात्रेतल्या 88 मंदिरांपैकी एखादं होईल का?

ओसाकाकर
होईल की. 55 वं नान्कोबो इमाबारी स्टेशनपासून चालत जाण्याजोगं आहे. फक्त पूल संपला म्हणजे शहर आलं असं नाही, तिथून पुढे अजून काही किमी आहेत. संध्याकाळी 5 च्या आत पोचायचं असं गाईडला सकाळीच सांगून ठेवा.