वॉरंटीत असलेल्या गाडीचा एसी कंडेन्सर ‘खाऱ्या हवेमुळे गेला’ म्हणून नाकारला. पुढे काय करावे?

हर्णैकर (प्रश्न):
नमस्कार. आमचे घर हर्णै बंदरापासून हाकेच्या अंतरावर असून गाडी बाराही महिने अंगणात उघड्यावरच उभी असते. पेट्रोलची छोटी गाडी आहे, किंमत नऊ लाखांच्या आत, घेऊन अडीच वर्षे झाली आणि कंपनीची वॉरंटी तीन वर्षांची आहे. गेल्या महिन्यात एसी थंड होईनासा झाला. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये दाखवल्यावर कंडेन्सर, म्हणजे एसीचा गरम झालेला गॅस थंड करणारा भाग, गळत असल्याचे निदान झाले, पण त्याचबरोबर ‘समुद्राकाठच्या गाड्यांचे असेच होते, हे वॉरंटीत बसत नाही’ असे तोंडी सांगून २२ हजारांचे अंदाजपत्रक हातात ठेवण्यात आले. पुस्तिकेत क्षार, रसायने, उडालेले दगड यांमुळे होणारे नुकसान वगळल्याचे वाक्य आहे, हे मला मान्य आहे. परंतु कंपनी आमच्याच किनारपट्टीवर गाड्या विकते आणि मग किनारपट्टीच्याच हवेकडे बोट दाखवते, हे पटत नाही. दापोलीतील एक एसी मेकॅनिक हेच काम बऱ्याच कमी पैशांत करून देतो म्हणतो. त्याच्याकडून करून घेतल्यास उरलेली वॉरंटी जाईल का, आणि विम्यातून काही मिळू शकते का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुना सुपरवायझर, रत्नागिरी:
मी बरीच वर्षे वर्कशॉपमध्ये सुपरवायझर म्हणून काम केले आहे, म्हणून आधी एक विचारतो: कंडेन्सर नेमका कुठून गळतो आहे, हे आपल्याला कोणी दाखवले का? ‘कंडेन्सर गेला’ हे निदान अर्धवट आहे, कारण पैसे कोणी द्यायचे हे गळती कुठे आणि कशाने झाली यावर ठरते.

कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे, जाळीच्या लगेच मागे बसतो आणि तो पातळ ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा व पापुद्र्यासारख्या पात्यांचा असतो. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही फिरत असते, त्यामुळे गळतीच्या जागी तेलकट डाग पडतो आणि त्यावर धूळ चिकटून काळपट थर दिसतो. दगड लागला असेल तर एकाच ठिकाणी पाती दबलेली असतात आणि त्याच्या मागे नळीला खड्डा किंवा भोक असते. खाऱ्या हवेने खाल्ले असेल तर पांढरी भुकटी दिसते, पाती बोट लावताच चुरतात, आणि हे एका जागी न राहता बऱ्याच भागावर, विशेषतः खालच्या बाजूला जेथे ओल व चिखल साचतो तेथे, पसरलेले असते. मात्र बाकीची पाती धडधाकट असून तेलाचा डाग बाजूच्या उभ्या नळकांड्याच्या सांध्यावर किंवा पाइप जोडला जातो त्या ठिकाणी असेल, तर संशय जोडकामावर घ्यावा लागतो, आणि जोडकामातील दोष वॉरंटीत बसतो. खात्रीसाठी नायट्रोजनचा दाब देऊन साबणाचे पाणी लावावे; गॅसमध्ये रंगद्रव्य घालून अतिनील दिव्याखाली पाहण्याचीही पद्धत आहे.

तोवर एसी चालू करू नका. गॅस कमी झाला की तेलही नीट फिरत नाही आणि कंडेन्सरपायी कॉम्प्रेसर गमवावा लागतो. मग नाकापेक्षा मोती जड.

वकील, चिपळूण:
वरील प्रतिसादातील मुद्दा कायद्याच्या बाजूनेही तितकाच महत्त्वाचा आहे. तोंडी नकाराला काहीही किंमत नाही. वॉरंटीची मागणी आपण लेखी करावी, ई-मेल कंपनीच्या ग्राहक विभागालाही पाठवावा, आणि नकार मिळाल्यास तो कारणासह जॉब कार्डावर किंवा पत्रावर मागावा. कारण लिहून द्यायची वेळ आली की पुष्कळ ठिकाणी गाडी पुन्हा तपासली जाते, हा माझा अनुभव आहे. दोष ठामपणे सिद्ध होत नसला तरी कंपनी काही वेळा सद्भावना म्हणून सुट्या भागाचा काही खर्च उचलते. तो आपला हक्क नव्हे, परंतु सर्व सर्व्हिसिंग वेळेवर झाल्याची नोंद असेल तर मागण्यात संकोच करू नये.

त्याने भागले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवावी. पुढचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार स्वतः जेथे राहतो तेथेच तक्रार दाखल करू शकतो, म्हणजे आपल्याला कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी जाण्याची गरज नाही, रत्नागिरी पुरेशी आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. मोबदला, म्हणजे येथे गाडीची किंमत, ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही, आणि ५ ते १० लाखांच्या दरम्यान २०० रुपये आहे. विक्रेता आणि उत्पादक या दोघांनाही प्रतिपक्ष करावे, नाहीतर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवून हात झटकतो.

येथे लोक ज्या ठिकाणी अडकतात ते सांगतो. पदरमोड करून दुरुस्ती करून घेतली जाते, जुना भाग वर्कशॉपमध्येच राहतो आणि भंगारात जातो, आणि मग दोष दाखवायला हातात काहीच उरत नाही. तपासणीशिवाय दोष ठरत नसेल तर आयोग नमुना सीलबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्यासाठी तो नमुना असायला हवा. काम कोठेही करा, पण जुना कंडेन्सर ताब्यात घ्या, आणि तो काढण्यापूर्वी गाडीवर असतानाच क्रमांकासह छायाचित्रे काढा.

बाहेरच्या दुरुस्तीबद्दल: भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांविरुद्ध दिलेल्या आदेशात, केवळ स्वतंत्र गॅरेजमध्ये काम केले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, असे म्हटले होते, सदोष दुरुस्तीमुळेच नुकसान झाले असेल तर त्यापुरती जबाबदारी कंपनी नाकारू शकते. त्या आदेशाला कंपन्यांनी पुढे आव्हान दिले, त्यामुळे केवळ त्याच्या भरवशावर आज गाडी उघडू नका. वॉरंटीचे सहा महिने शिल्लक आहेत, ते आधी वापरा.

हर्णैकर:
दोघांचेही मनापासून आभार. आज पुढची जाळी काढून पाहिले. पाती जवळजवळ सगळी सरळ आणि चकचकीत आहेत, पांढरेपणा कोठेही नाही. डाव्या बाजूच्या वरच्या पाइपच्या सांध्याखाली मात्र बोटभर लांबीचा तेलकट ओघळ असून त्यावर लाल माती बसली आहे. छायाचित्रे काढली असून लेखी मागणी उद्या पाठवतो.

प्रवासी गाड्यावाले, मालवण:
आपल्या वर्णनावरून वॉरंटीचा दावा नेटाने लावून धरावा असेच वाटते. विम्याविषयी कोणी बोलले नाही म्हणून लिहितो. झीज, गंज आणि यांत्रिक बिघाड विम्यात येत नाहीत. दगड लागून भोक पडले असते तर तो अपघाती नुकसानीचा दावा झाला असता. त्यातही धातूच्या भागांवर दोन ते तीन वर्षांच्या गाडीला १५ टक्के घसारा कापतात, १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये आपल्याच खिशातून जातात आणि पुढील वर्षीचा नो-क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, बुडतो. एवढ्या रकमेसाठी विम्याकडे जाण्यापूर्वी बोनस किती आहे ते पॉलिसीवर बघून वजाबाकी करावी. सांध्याची गळती ‘दगड लागला’ म्हणून विम्यात बसवून देतो असे कोणी सुचवले तर ऐकू नका. तो खोटा दावा तर ठरेलच, शिवाय आपला वॉरंटीचा मुद्दाही आपल्याच सहीने निकालात निघेल.

शेवटी बाहेरच काम करण्याची वेळ आली, तर ॲल्युमिनियमला झाळ मारून घेऊ नये; ती समुद्राकाठी फार दिवस टिकत नाही. कंडेन्सर नवाच घालावा, गॅसमधली ओल शोषणारा ड्रायर त्यातच नसेल तर तोही बदलावा, गॅस भरण्याआधी नळ्यांतली हवा व ओल काढणारा व्हॅक्यूम पुरेसा वेळ धरायला लावावा आणि जीएसटीचे पक्के बिल घ्यावे. नंतर पंधरवड्यातून एकदा पुढच्या जाळीतून साध्या नळाने गोडे पाणी सोडावे, प्रेशरने नव्हे, कारण पाती वाकतात. वैशाखात किनाऱ्यालगतच्या बऱ्याच विहिरींचे पाणी मचूळ होते. त्या पाण्याने धुणे म्हणजे मीठच फासणे. आणि दमट हवेत गाडीवर कव्हर घालून ठेवू नका, आतली ओल अडकून राहते.

जुना सुपरवायझर, रत्नागिरी:
हर्णैकर, मागणीत ‘एसी दुरुस्त करून द्या’ असे न लिहिता ‘डाव्या वरच्या पाइपच्या सांध्याची दाब-चाचणी माझ्यासमोर करावी आणि निष्कर्ष जॉब कार्डावर लिहावा’ असे लिहा. चाचणीच्या वेळी स्वतः हजर राहा आणि साबणाचे बुडबुडे येतात त्या जागेचे चित्रीकरण करा. गाडी ठेवून घरी परतलात तर सांधा पुसून स्वच्छ झालेला असेल.