बेळगावच्या फर्मचं शिरोलीत गोडाऊन: महाराष्ट्रात कुठं कुठं नोंदणी लागेल?

उद्यमबाग_29
नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागेत आमची भागीदारी फर्म आहे, कास्टिंगवर मशिनिंग करून पार्ट देतो. जीएसटी नंबर कर्नाटकचा. कास्टिंग कोल्हापुरातून येतं, आणि निम्मी गिऱ्हाइकं शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल पंचतारांकित या पट्ट्यातली. शिरोली एमआयडीसीत गाळा घेऊन तिथं माल ठेवायचा, तिथूनच बिल फाडायचं असा विचार आहे. पोर्टलवर जादा जागा म्हणून तो पत्ता घालायला गेलो तर राज्य बदलूच देत नाही. दुसरी फर्म काढावी लागते काय? दोन कामगार ठेवणार आहे. गाळ्याचा करार नोटरी करून तयार आहे.

करवीर_करसल्ला
दुसरी फर्म कशाला? पॅन तोच राहतो, भागीदारीपत्र तेच राहतं. जीएसटीत मात्र प्रत्येक राज्याचा नंबर वेगळा, म्हणून कर्नाटकच्या, 29 नं सुरू होणाऱ्या नंबरात महाराष्ट्राची जागा बसत नाही. पोर्टलवर नवीन नोंदणीत जाऊन राज्य महाराष्ट्र, जिल्हा कोल्हापूर निवडा आणि तोच पॅन टाका. पहिला भाग झाला की टीआरएन, म्हणजे अर्जाचा तात्पुरता नंबर मिळतो. तो 15 दिवस चालतो, तेवढ्यात दुसरा भाग भरून आधार पडताळणीपर्यंत पोचा, नाहीतर परत पहिल्यापासून.

अर्ज अडकतो तो बहुतेक जागेच्या कागदांवर. गाळामालकाचं वीजबिल किंवा मालमत्ता कराची पावती आणि भाडेकरार, हे दोन मुख्य. करार नोंदणीकृत नसेल तर मालकाचं ओळखपत्रही जोडावं लागतं, म्हणजे जीएसटीपुरता नोटरीचा करार एखादवेळ चालून जाईल. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी मालकावर आहे. लिव्ह अँड लायसन्स (ठराविक मुदतीसाठी जागा वापरायला द्यायचा करार) ऑनलाइन नोंदवता येतो, तोच करून घ्या.

पत्ता अर्ज, वीजबिल आणि करार या तिन्हींवर अक्षर न् अक्षर जुळवा. प्लॉट नंबर, गाळा नंबर, पुलाची शिरोली, ता. हातकणंगले, 416122. वीजबिलावर नुसतं 'शिरोली' आणि करारात 'प्लॉट अमुक, गाळा तमुक' असं असलं की खुलासा मागणारी रेग-03 ची नोटीस आलीच म्हणून समजा. तिला 7 कामकाजी दिवसांत रेग-04 या फॉर्ममधून उत्तर द्यायचं. गप्प बसलात तर अर्ज फेटाळला जातो. वीजबिल मालकाच्या वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल तर वारसांची संमती आधीच घेऊन ठेवा.

आणखी एक, अर्ज राज्याच्या अधिकाऱ्याकडे गेलाय की केंद्राच्या, ते पोर्टलवर बघूनच बाहेर पडा. चुकीच्या हापिसात चकरा मारणारे लई आहेत.

शिरोली_फाटा
वरचं सगळं बरोबर, पण एमआयडीसीचा गाळा म्हटल्यावर आधी मालकाला विचारा की पोटभाड्यानं द्यायची एमआयडीसीची परवानगी घेतलीय का. प्लॉट त्याला लीजवर मिळालेला असतो. परवानगीशिवाय भाड्यानं दिला तर महामंडळाची नोटीस त्याला येणार आणि गाळा तुम्ही रिकामा करणार. करार नोंदवण्याआधी वाटपपत्र आणि पोटभाड्याच्या परवानगीची प्रत हातात घ्या.

पंचगंगा_लेखा
मला आधी हे विचारायचंय की महाराष्ट्राचा नंबर लागतोच का? विकताना माल कुठं पडलेला असतो, त्यावर सगळं ठरतं. बेळगावातून थेट कागलच्या गिऱ्हाइकाला आयजीएसटीचं (दोन राज्यांतल्या व्यवहारावरच्या जीएसटीचं) बिल करून माल जात असेल, तर महाराष्ट्राची नोंदणी नको. 50,000 च्या वर माल असेल तर ई-वे बिल (माल नेण्याचा ऑनलाइन परवाना) काढा, कोगनोळीच्या नाक्यावरून गाडी बिनघोर जाईल.

कास्टिंग तुम्ही विकत घेऊन कोल्हापुरातल्या मशीन शॉपकडून जॉबवर्क (आपल्या मालावर मजुरीनं काम) करून घेत असाल, तरी नंबर नको. चलनावर माल पाठवा. मात्र दुसऱ्या राज्यातल्या जॉबवर्करकडे जाणाऱ्या मालाला 50,000 ची सूट नाही, हजाराचा माल असला तरी ई-वे बिल लागतं. माल वर्षात परत यायला हवा. डाय, पॅटर्न, फिक्स्चर यांना ही मुदत नाही. आणि जॉबवर्कर स्वतः नोंदणीकृत असेल तर त्याच्या शॉपमधूनच थेट गिऱ्हाइकाला तुमच्या कर्नाटकच्या बिलावर माल देता येतो. जॉबवर्कला पाठवलेल्या मालाचं विवरणपत्र, आयटीसी-04, तेवढं विसरू नका. बऱ्याच जणांचं काम एवढ्यावर भागतं.

उद्यमबाग_29
माल गोडाऊनलाच ठेवावा लागणार. गिऱ्हाइकं रोज पाच-दहा नग उचलतात. गाळामालकाकडं जीएसटी नाही. बेळगावातून शिरोलीला माल आपलाच आपल्याला पाठवायचा, त्यावर टॅक्स नसेल ना?

पंचगंगा_लेखा
आहे. मग नंबर घ्याच. तुमचे दोन नंबर म्हणजे कायद्याच्या नजरेत दोन वेगळ्या व्यक्ती. जुन्या विक्रीकरात एफ फॉर्मवर परराज्यातल्या शाखेला माल बिनटॅक्स जायचा, ते दिवस 2017 ला संपले. आता बेळगावातून आयजीएसटीचं पक्कं बिल करायचं, शिरोलीनं त्याचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या टॅक्सची वजावट घ्यायची. शिरोलीला पूर्ण क्रेडिट मिळत असल्यानं बिलात लावाल ती किंमत ग्राह्य धरतात. तरी ती विक्रीच्या भावाच्या जवळ ठेवा. फारच कमी लावली तर शिरोलीतल्या विक्रीवर टॅक्स रोखीनं भरत बसाल आणि बेळगावात क्रेडिट साचून राहील. एका राज्याचं क्रेडिट दुसऱ्या राज्याच्या खात्यात वळवता येत नाही.

भाड्याचं बघा. मालक अनोंदणीकृत आणि भाडेकरू नोंदणीकृत असेल तर 10 ऑक्टोबर 2024 पासून व्यापारी जागेच्या भाड्यावर 18 टक्के टॅक्स मालकाऐवजी भाडेकरूनं सरकारला भरायचा. 20,000 भाडं असेल तर महिन्याला 3,600, तेही रोखीनं, क्रेडिटमधून नव्हे. त्याचं क्रेडिट महाराष्ट्राच्या नंबरवर मिळतं. म्हणून नंबर येण्याआधी चार-चार महिने भाडं सुरू करू नका.

करवीर_करसल्ला
जीएसटीनंतरचं राहिलं. व्यवसाय कर महाराष्ट्रात वेगळा. धंदा करणाऱ्याची स्वतःची नोंदणी म्हणजे पीटीईसी, ती फर्मच्या नव्हे, प्रत्येक भागीदाराच्या नावानं, दरसाल 2,500, दरवर्षी 30 जूनपर्यंत. कर्नाटकात भरता म्हणून इथं सूट नाही. कामगारांचा पगार कराच्या टप्प्यात येत असेल तर त्यांचा कर कापून भरायची नोंदणी, पीटीआरसी पण. 10,000 च्या वर पगार असलेल्या पुरुष कामगाराचे महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 कापायचे.

दोनच कामगार म्हणजे शॉप ॲक्टला ऑनलाइन सूचना दिली की झालं, पूर्ण नोंदणी नको. तो कागद बँकेतही दाखवायला लागतो. जीएसटी मिळाल्यावर 30 दिवसांत किंवा पहिलं जीएसटीआर-1 (विक्रीचं विवरणपत्र) भरण्याआधी, जे आधी येईल तोवर, बँक खातं पोर्टलवर घाला, नाहीतर नंबर निलंबित होतो. बेळगावचंच खातं चालतं.

दारावरच्या बोर्डावर नाव मराठीत, देवनागरीत, आणि इतर भाषेपेक्षा लहान अक्षरात नको. बेळगावचा कन्नड बोर्ड तसाच आणून लावू नका म्हणजे झालं. त्याच बोर्डावर जीएसटी नंबर हवा, तो 27 नं सुरू होणारा.