‘एक्सपिरियन्स्ड’ किती वेळा लिहायचं? कंपनी प्रोफाइलमधल्या माणसांसाठी इंग्रजी शब्द

उद्यमबागवाला (प्रश्न)

मंडळी, बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीचं, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याचं, चार पानी इंग्रजी प्रोफाइल करायचंय. वाचणारं गिऱ्हाईक जर्मनीतलं. मशिनरी, कपॅसिटी, टेस्टिंग ही पानं झाली. माणसांची ओळख करून देणारं पान अडलंय. मोल्डिंगचे हेड मिस्त्री, मेल्टिंग सुपरवायझर, पॅटर्न मेकर (साच्यासाठी लाकडी वगैरे नमुना बनवणारा), क्वालिटीतली दोन नवी पोरं, आणि सिक्युरिटीला मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले सुभेदार. कच्च्या मसुद्यात प्रत्येकापुढं ‘वेल एक्सपिरियन्स्ड’ पडलंय. एका ठिकाणी तर ‘हॅविंग रिच अँड व्हास्ट एक्सपिरियन्स सिन्स २५ इयर्स’. वाचताना सगळी माणसं एकाच साच्यातून ओतल्यासारखी वाटतात.

‘सीझन्ड’, ‘व्हेटरन’, ‘स्किल्ड’, ‘एक्सपर्ट’, ‘प्रोफिशियंट’ यातलं कुठलं कुणाला चालतं? आणि त्यापुढं ‘इन’, ‘ऑफ’, ‘विथ’, ‘अ‍ॅट’ यातलं काय लावायचं? डिक्शनरीत बघावं तर सगळ्यांपुढं ‘अनुभवी’ एवढंच दिलंय की ओ.

टिळकवाडी इंग्लिश

आधी ते ‘सिन्स २५ इयर्स’ काढा. ‘सिन्स’ला सुरुवातीचं साल लागतं: ‘सिन्स १९९९’. मुदत सांगायची तर ‘फॉर २५ इयर्स’. क्रियापदही तिथंच चुकतं. ‘गेली दहा वर्षं काम करतोय’ याचं आपल्याकडं सरळ ‘इज वर्किंग फ्रॉम लास्ट टेन इयर्स’ होतं. हवं ‘हॅज वर्क्ड हिअर फॉर टेन इयर्स’ किंवा ‘हॅज बीन वर्किंग’.

‘हॅविंग’चं मूळ घरातच आहे. मराठीत ‘अनुभव असलेला’, कन्नडात ‘अनुभव इरुव’; दोन्हींतून इंग्रजीत ‘हॅविंग’ उतरतं. तिथं ‘विथ’ घाला: ‘अ मोल्डर विथ ट्वेंटी इयर्स ऑफ एक्सपिरियन्स’. ‘ऑफ’ घेतलात तर अपॉस्ट्रॉफी नको. ‘ऑफ’ गाळलात तर ‘इयर्स’मधल्या एसच्या पुढं अपॉस्ट्रॉफी हवा, आणि एकच वर्ष असेल तर एसच्या आधी. ‘ट्वेंटी इयर एक्सपिरियन्स्ड मोल्डर’ अशी रचना मात्र कुठंच चालत नाही.

‘एक्सपिरियन्स’ या नामाबरोबर येणारी विशेषणं ठरलेली आहेत. ‘एक्स्टेन्सिव्ह’ सगळीकडं चालतं आणि फुगवल्यासारखं वाटत नाही. ‘व्हास्ट’ बरोबर आहे, पण वीस-पंचवीस वर्षांच्या खाली लावलं तर हसू येतं. ‘वाइड’ म्हणजे अनेक प्रकारचं काम केलेला. एकाच मशीनवर वीस वर्षं काढलेल्या माणसाला ते लागत नाही, त्याला ‘लाँग’. ‘रिच’ आपल्याकडच्या बायोडेटात इतकं झिजलंय की मी ते सरळ खोडतो. ‘दांडगा अनुभव’ डोक्यात धरून ‘बिग’ किंवा ‘स्ट्राँग एक्सपिरियन्स’ लिहू नका. दोन्हींचा अर्थ ‘मोठा प्रसंग’, ‘जोरदार अनुभूती’ अशा बाजूला सरकतो. क्रियापदांचंही तसंच: अनुभव ‘गेन’ करतात, ‘टेक’ करत नाहीत. आणि अनेकवचन टाळा. ‘एक्सपिरियन्सेस’ म्हणजे आलेले प्रसंग. ‘ही हॅज मेनी एक्सपिरियन्सेस इन वेल्डिंग’ वाचून माणूस विचारेल, काय काय घडलं? ‘एक्सपर्टीज’चं तर अनेकवचन होतच नाही.

आता विशेषणाआधीचे शब्द. ‘एक्सपिरियन्स्ड’आधी ‘हायली’ बसतं, ‘व्हेरी’ चालतं. ‘मच एक्सपिरियन्स्ड’ चूक. ‘वेल एक्सपिरियन्स्ड’ आपल्याकडं सर्रास आहे, बाहेरच्याला अर्थ कळतो, पण कानाला खटकतं. ‘वेल’ची स्वतःची मंडळी वेगळी: वेल-ट्रेन्ड, वेल-क्वालिफाइड, वेल-इन्फॉर्म्ड, वेल-व्हर्स्ड. ‘हायली’कडं स्किल्ड, क्वालिफाइड, ट्रेन्ड, एक्सपिरियन्स्ड. ‘फुली’ जातं क्वालिफाइड आणि ट्रेन्डबरोबर, म्हणजे शिक्षण पुरं झालेला. ‘फुली एक्सपिरियन्स्ड’ जुन्या जाहिरातींत दिसतं, तुम्ही वापरू नका. ‘वाइडली’ रेड, ट्रॅव्हल्ड, रिस्पेक्टेड यांच्याबरोबर. ‘सीझन्ड’ आणि ‘व्हेटरन’च्या आधी यातलं काहीही नको, ‘व्हेरी’सुद्धा. तो जोर त्या शब्दात आधीच भरलेला असतो.

चिकोडी एचआर

वरच्या उत्तरात शब्दयोगी राहिले, ते देते. रोजच्या बायोडेटांत सगळ्यात जास्त गोंधळ इथंच दिसतो.

‘एक्सपिरियन्स इन’च्या पुढं क्षेत्र येतं: इन फाउंड्री वर्क, इन एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशन. ‘एक्सपिरियन्स विथ’च्या पुढं वस्तू, यंत्र, सॉफ्टवेअर: विथ इंडक्शन फर्नेसेस, विथ टॅली, विथ फॅनुक कंट्रोल्स (सीएनसी मशीनचे). ‘एक्सपिरियन्स ऑफ’च्या पुढं परिस्थिती किंवा क्रिया: ऑफ नाइट शिफ्ट्स, ऑफ रनिंग अ टीम. हे ‘ऑफ’ ब्रिटिश वळणाचं आहे. ‘रनिंग अ टीम’आधी ‘इन’ लावलं तरी चालतं. ‘एक्सपर्ट’पुढं तीन येतात. विषयात ‘इन’, एखाद्या प्रश्नावर मत देणारा असेल तर ‘ऑन’, हातानं करायचं काम असेल तर ‘अ‍ॅट’. ‘प्रोफिशियंट इन’ भाषा आणि सॉफ्टवेअरसाठी छान, पण त्याचा अर्थ ‘नीट येतं’ एवढाच. ते ‘एक्सपर्ट’च्या बरोबरीचं समजू नका. ‘वेल-व्हर्स्ड इन’ माहितीचं आहे, हाताचं नव्हे. आयएसओच्या कागदपत्रांत माणूस वेल-व्हर्स्ड असू शकतो, फेटलिंगमध्ये (ओतलेला भाग घासून साफ करण्यात) नाही. ‘कॉन्व्हर्संट विथ’ आपल्या सरकारी इंग्रजीतून आलेलं, थोडं कोरडं. तिथं ‘फॅमिलियर विथ’ चालतं, मात्र ते ‘तोंडओळख’कडं झुकतं.

‘हॅन्ड्स-ऑन एक्सपिरियन्स विथ’ तुमच्या पानाला फार उपयोगी. आत्ताचा सुपरवायझर पूर्वी स्वतः भट्टीवर उभा होता, हे त्यात एका शब्दात येतं. ‘हॅन्ड-ऑन’ असं एस गाळून लिहू नका.

आणखी एक. ‘स्किल्ड’, ‘सेमी-स्किल्ड’, ‘हायली स्किल्ड’ ही किमान वेतनाची वर्गवारीही आहे. पगारपत्रकात ज्याला सेमी-स्किल्ड धरलंय त्याला प्रोफाइलमध्ये हायली स्किल्ड लिहिलं आणि गिऱ्हाईकाचा ऑडिटर दोन्ही कागद शेजारी ठेवून बसला, तर तुमच्याकडं उत्तर नसतं. कामगारांच्या बाबतीत शब्द पगारपत्रकाशी जुळवून घ्या.

‘फ्रेशर’ही काढा. बाहेर, ब्रिटनमध्ये तर नक्कीच, फ्रेशर म्हणजे कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा पोरगा. क्वालिटीतली पोरं आयटीआय करून आली असतील तर ‘न्यूली क्वालिफाइड’. इंजिनिअरिंगची पदवी घेऊन आली असतील तर ‘रीसेंट ग्रॅज्युएट्स’. ‘पास्ड आउट इन २०२३’ नको. बाहेर ‘पास्ड आउट’चा पहिला अर्थ बेशुद्ध पडला.

खानापूर रोड

सुभेदारांबद्दल. ‘व्हेटरन’ इथं दोन अर्थांनी लागतं, म्हणूनच सांभाळून. नुसतं ‘ही इज अ व्हेटरन’ म्हटलं की अमेरिकन वाचक त्याचा अर्थ माजी सैनिक असाच घेतो. पुढं पेशा आला की अर्थ बदलतो: व्हेटरन जर्नालिस्ट, व्हेटरन अ‍ॅक्टर, व्हेटरन पॉलिटिशियन, म्हणजे त्या धंद्यात जुना. त्यामुळं ‘व्हेटरन सिक्युरिटी ऑफिसर’ लिहिलंत तर सैन्यातली नोकरी झाकली जाते. ‘अ‍ॅन आर्मी व्हेटरन’ स्वच्छ आहे. ‘एक्स-सर्व्हिसमन’ आपल्याकडं सगळ्यांना कळतं, जर्मन माणूस मात्र ‘सर्व्हिसमन’वर अडखळेल, त्याला मशीन दुरुस्तीवाला वाटायचा. ‘सुभेदार’ हा हुद्दाही त्याला माहीत नसणार. ‘अ फॉर्मर ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर ऑफ द इंडियन आर्मी’ असं एकदा उलगडून लिहा, पुढं रेजिमेंटचं नाव घाला.

पॅटर्न मेकरला ‘मास्टर क्राफ्ट्समन’ लिहायचा मोह होईल, ते टाळा. जर्मनीत ‘माइस्टर’ ही परीक्षा देऊन मिळवायची पदवी आहे. तुमच्या माणसाकडं तसं प्रमाणपत्र आहे असा त्याचा समज होईल आणि पहिल्या भेटीत तो ते मागेल. अप्रेंटिसशिप केलेली असेल तर ‘ही सर्व्ड हिज अप्रेंटिसशिप अ‍ॅट’ असं लिहा, आणि अप्रेंटिसशिपचं राष्ट्रीय प्रमाणपत्र असेल तर त्याचा उल्लेख करा. याला ब्रिटिश कारखान्यांत ‘टाइम-सर्व्ड’ म्हणतात: टाइम-सर्व्ड टूलमेकर, टाइम-सर्व्ड फिटर. शब्द उलटे करून ‘ही हॅज सर्व्ड टाइम’ लिहिलं तर माणूस तुरुंगात जाऊन आला असं होतं.

‘ओल्ड’चंही बघा. ‘ओल्ड एम्प्लॉयी’ म्हणजे म्हातारा किंवा पूर्वी असलेला. जुन्या कामगारासाठी ‘लाँग-सर्व्हिंग’. जुन्या गिऱ्हाईकासाठी ‘लाँग-स्टँडिंग’. या दोघांची अदलाबदल होत नाही. ‘अ‍ॅन ओल्ड हॅन्ड अ‍ॅट’मध्ये मात्र ‘ओल्ड’ गोडीनं येतं, मुरलेला गडी अशा अर्थानं. बोलताना वापरा, प्रोफाइलमध्ये नको.

निपाणीकर

‘सीझन्ड’वर माझं थोडं वेगळं मत आहे. वर कुणी त्याला हरकत घेतली नाही, पण मी प्रोफाइलमध्ये ते घालणारच नाही. त्याची सोबत ठरलेली आहे: सीझन्ड ट्रॅव्हलर, सीझन्ड कॅम्पेनर, सीझन्ड इन्व्हेस्टर, सीझन्ड प्रोफेशनल. त्यात पावसाळे बघितलेला, सहजी न गडबडणारा अशी छटा आहे. राजकारण, प्रवास, शेअर बाजार, जिथं परिस्थिती पालटते तिथं ते शोभतं. मोल्डरला लावलं तर व्याकरण चुकत नाही, पण मजकूर जाहिरातीसारखा होतो. शिवाय लाकडाच्या पॅटर्नच्या धंद्यात ‘सीझन्ड’ म्हणजे वाळवून मुरवलेलं लाकूड. एकाच पानावर ‘सीझन्ड टीक’ आणि ‘सीझन्ड पॅटर्न मेकर’ बरं दिसणार नाही.

बोलीतले शब्द हवे असतील तर हे घ्या, पण कागदावर नव्हे: ‘नोज द रोप्स’ (कामाची रीत ठाऊक असलेला), ‘नोज इट इनसाइड आउट’ (खडान् खडा माहीत असलेला), ‘अ डॅब हॅन्ड अ‍ॅट’ (ब्रिटिश, हातखंडा असलेला). ‘पास्ट मास्टर अ‍ॅट’ जपून. बऱ्याचदा ते टोमण्यात येतं, कामं टाळण्यात पास्ट मास्टर असं. ‘हॅज बीन अराउंड द ब्लॉक’ तर कुणाच्याच बाबतीत लिहू नका, बाईमाणसाच्या बाबतीत मुळीच नको, अर्थ घसरतो. ज्याची मातृभाषा इंग्रजी नाही अशा जर्मन खरेदीदाराला यातले निम्मे कळणारही नाहीत.

वर्तमानपत्रातला ‘डोयेन’ (त्या क्षेत्रातला सर्वांत ज्येष्ठ, मानाचा माणूस) गवयासाठी, संपादकासाठी असतो. सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांना लहानपणी ‘चाइल्ड प्रॉडिजी’ म्हणत, म्हणजे अनुभवाच्या आधीच तयार झालेला. फाउंड्रीत दोन्हींचा उपयोग नाही, आठवलं म्हणून लिहिलं.

उद्यमबागवाला

लई उपकार झाले. नवा मसुदा असा केलाय, बघा की:

१. अवर मोल्डिंग फोरमन हॅज २५ इयर्स ऑफ एक्सपिरियन्स इन ग्रीन सँड मोल्डिंग.

२. द मेल्टिंग सुपरवायझर इज अ हायली एक्सपिरियन्स्ड पर्सन विथ हॅन्ड्स-ऑन एक्सपिरियन्स ऑफ इंडक्शन फर्नेसेस, अँड इज द नाइट शिफ्ट इन-चार्ज.

३. द पॅटर्न मेकर, अ लाँग-सर्व्हिंग एम्प्लॉयी, इज एक्सपर्ट इन रीडिंग ड्रॉइंग्ज.

४. अवर हेड ऑफ सिक्युरिटी इज अ फॉर्मर ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर ऑफ द इंडियन आर्मी, मराठा लाइट इन्फंट्री.

५. लँग्वेजेस नोन: मराठी, कन्नड, हिंदी, इंग्लिश.

टिळकवाडी इंग्लिश

पहिलं आणि चौथं तसंच ठेवा.

दुसऱ्यात ‘एक्सपिरियन्स’ दोनदा आलंय, आणि ‘हायली एक्सपिरियन्स्ड पर्सन’नं काहीच कळत नाही. ‘पर्सन’ दिसलं की समजायचं, तिथं धंद्याचं नाव हवं होतं. ते अख्खं काढून थेट ‘हॅज हॅन्ड्स-ऑन एक्सपिरियन्स विथ इंडक्शन फर्नेसेस’ करा, भट्टी वस्तू आहे म्हणून ‘विथ’. पुढं काय ओततो तेही घाला: ग्रे आयर्न आणि डक्टाइल आयर्न. आपण ज्याला एसजी आयर्न म्हणतो तेच, पण बाहेर ‘डक्टाइल’ जास्त चालतं. ‘इन-चार्ज’ हे नाम आपल्याकडचं. ‘ही इज इन चार्ज ऑफ द नाइट शिफ्ट’ लिहा. मध्ये ‘द’ घुसवून ‘इन द चार्ज ऑफ’ केलंत तर उलटं होतं, सुपरवायझर शिफ्टच्या ताब्यात जातो.

तिसऱ्यात ‘एक्सपर्ट अ‍ॅट रीडिंग’. पण ड्रॉइंग वाचता येणं ही पॅटर्न मेकरची किमान पात्रता, ते कौतुक म्हणून लिहिलं तर उलट शंका येईल. आकसण्यासाठी, मशिनिंगसाठी किती माप सोडायचं हे तो ठरवत असेल तर तेच लिहा: ‘वर्क्स आउट श्रिंकेज अँड मशिनिंग अलाउन्सेस’. ‘एक्सपर्ट’ची गरज उरत नाही.

चिकोडी एचआर

पाचव्यात ‘नोन’ नको, नुसतं ‘लँग्वेजेस’. पण कंपनीच्या प्रोफाइलमध्ये चारही भाषांची यादी कशाला? गिऱ्हाईकाला मेलला उत्तर कोण देणार एवढंच कळायला हवंय. त्या माणसापुढं ‘फ्लुएंट इन इंग्लिश’ लिहा, आणि जर्मन थोडंफार येत असेल तर ‘अ वर्किंग नॉलेज ऑफ जर्मन’. येत नसेल तर तिथं ‘बेसिक’ वगैरे घालू नका, पहिल्याच फोनवर कळतं.